पेरणी टळल्यावर आलेले कर्ज: अमेरिकी शेतीतील वांशिक न्याय आणि अन्नसार्वभौमत्व

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत कृषिअर्थशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे की, गेल्या शंभर वर्षांत तिथले लहान शेतकरी सगळ्याच वर्णांचे बुडाले, यंत्रे आली, मालाचे भाव पडले, तरुण शहरांकडे निघून गेले. मग शेतीतील ‘वांशिक न्याय’ हा वेगळा विषय कशासाठी काढायचा, आणि ‘अन्नसुरक्षा’ हा रुळलेला शब्द असताना ‘अन्नसार्वभौमत्व’ हा जड शब्द कशासाठी वापरायचा? मी नैर्ऋत्य जॉर्जिया आणि अलाबामा या भागांत कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांबरोबर कर्जप्रकरणे आणि जमिनीची कागदपत्रे हाताळण्याचे काम वीसहून अधिक वर्षे केले आहे. त्या कामातून माझे मत असे बनले आहे की, या दोन्ही शब्दांच्या तळाशी एकच प्रश्न आहे: निर्णय कोण घेतो आणि कोणत्या तारखेला घेतो. तारखेचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे.

आधी आकडे पाहू, कारण तुमची शंका रास्त आहे. 1920 साली अमेरिकेत सुमारे 64 लाख शेते होती. 2017 च्या कृषिगणनेत ती साधारण 20 लाख उरली, म्हणजे दोनतृतीयांशांहून अधिक घट झाली. याच काळात कृष्णवर्णीयांची शेते सुमारे 9 लाख 25 हजारांवरून 35 हजारांच्या आसपास आली, म्हणजे शंभरातील शहाण्णव गेली. मात्र हा दुसरा आकडा सांगताना एक खुलासा करावा लागतो आणि चळवळीतील माझे मित्र तो सहसा करत नाहीत. 1920 च्या त्या सव्वानऊ लाखांत बहुसंख्य लोक अर्धेलीने किंवा खंडाने दुसऱ्याची जमीन कसणारे होते. स्वतःच्या मालकीची जमीन असलेले दोन लाखांच्या थोडे वर होते. कापूस वेचणारी यंत्रे आल्यावर अर्धेलीवाल्यांची गरज संपली आणि ते शिकागो, डेट्रॉइटकडे गेले; त्यात यंत्राचाही वाटा होता, हे मान्य केले पाहिजे. पण यंत्राच्याही आधी कागद येऊन पोहोचला होता. 1933 च्या कृषिसमायोजन कायद्याने कापसाचे क्षेत्र कमी करण्यासाठी पैसे दिले, ते जमीनमालकाच्या हाती गेले, आणि मालकाने पैसे घेऊन अर्धेलीवाल्याला काढून टाकले. त्याच शेतावर राबणाऱ्या माणसाला त्या रकमेतील हिस्सा मिळाला की नाही, हे ठरवणाऱ्या स्थानिक समित्यांवर मालकच बसलेले होते.

ज्यांची जमीन स्वतःची होती त्यांचे काय झाले, हे मी एका स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या कॅलेंडरावर पाहिले. एका वृद्ध भुईमूग उत्पादकाने आपल्या पीककर्जाच्या तारखा त्या कॅलेंडरावर पेन्सिलीने लिहून ठेवल्या होत्या. जानेवारीत अर्ज दिला. मार्चमध्ये ‘प्रकरण अपूर्ण आहे’ असे पत्र आले. एप्रिलमध्ये मागितलेला कागद दिला, तेव्हा मेमध्ये आणखी एका कागदाची मागणी झाली. मंजुरी जूनच्या अखेरीस मिळाली आणि धनादेश जुलैमध्ये हातात पडला. आता त्या भागात भुईमुगाची पेरणी साधारण एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या शेवटापर्यंत होते, आणि पीक काढणीला येण्यास 135 ते 150 दिवस लागतात. घात साधण्यासाठी या शेतकऱ्याने बियाणे आणि खत दुकानदाराकडून चढ्या व्याजाने उचलले, तेही गरजेच्या निम्मेच, आणि उरलेल्या शेतात जूनच्या मध्याला पेरले. शेंगा पक्व होण्याआधीच गारठा आला. उतारा घटला, हप्ता थकला, आणि पुढच्या जानेवारीत त्याच कार्यालयाने ‘परतफेडीची क्षमता संशयास्पद’ असा शेरा मारून अर्ज परत केला. कर्ज नाकारले असे कोणत्याच कागदावर नाही. कागदोपत्री पाहिले तर कार्यालयाने मंजुरी दिली होती आणि शेतकऱ्याने ती वाया घालवली होती.

असे एखाद्याच्या बाबतीत घडले असते तर त्याला नशीब म्हणता आले असते. केंद्रीय कृषी खात्याची कर्जे देणारी फार्मर्स होम अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही यंत्रणा काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागाच्या, पातळीवर चालत असे आणि तिथल्या समित्यांवर स्थानिक शेतकरी बसत. विकेंद्रीकरण म्हणून ही रचना चांगलीच वाटते; पण दक्षिणेतील अनेक काउंट्यांमध्ये कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची संख्या मोठी असूनही समितीवर त्यांचा एकही माणूस नसे, आणि अर्जदाराची जमीन ज्याला हवी आहे तो शेजारीच त्याच्या अर्जावर मत देई. कर्ज मिळालेच तर पुष्कळदा ते ‘देखरेखीच्या खात्यात’ जमा होई. म्हणजे डिझेलचे बिल भरायचे असले तरी कार्यालयातील अधिकाऱ्याची सही आणावी लागे, आणि तो रजेवर असेल तर ट्रॅक्टर उभा राही. तक्रार करावी, तर 1983 मध्ये कृषी खात्याने नागरी हक्कांच्या तक्रारींचा तपास करणारा विभागच बंद केला होता. लोक तक्रारी पाठवत राहिले आणि त्या कोणी उघडल्या नाहीत.

याच न उघडलेल्या तक्रारींतून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचा कृषी खात्याविरुद्धचा 1997 चा पिगफर्ड खटला उभा राहिला. टिमथी पिगफर्ड हे नॉर्थ कॅरोलायनाचे शेतकरी. दाव्याला दोन वर्षांची मुदत होती आणि ती बहुतेकांची केव्हाच उलटून गेली होती. म्हणून 1998 मध्ये अमेरिकी संसदेला ती मुदत शिथिल करणारी तरतूद करावी लागली. एप्रिल 1999 मध्ये न्यायाधीश पॉल फ्रीडमन यांनी तडजोड मंजूर केली आणि आपल्या निकालपत्राची सुरुवात ‘चाळीस एकर आणि एक खेचर’ या जुन्या वचनाने केली. जानेवारी 1865 मध्ये, यादवी युद्धाच्या अखेरीस, उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी किनारपट्टीवरील जमीन मुक्त झालेल्या गुलामांना चाळीस-चाळीस एकरांनी वाटण्याचा हुकूम काढला होता, आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती जमीन पूर्वीच्या मालकांना परत देववली होती. पिगफर्ड तडजोडीत बहुतेकांसाठी ठरलेली रक्कम होती 50,000 डॉलर. सुमारे 15,600 दावे मान्य झाले. मुदत चुकलेल्या हजारो लोकांसाठी 2010 मध्ये सव्वा अब्ज डॉलरची दुसरी तडजोड झाली. मूळ रहिवासी जमातींच्या शेतकऱ्यांनी 1999 मध्ये दाखल केलेला कीप्सीगल खटलाही 2010 मध्येच 76 कोटी डॉलरवर मिटला.

या रकमा ऐकायला मोठ्या आहेत. त्या काळात 50,000 डॉलरमध्ये एक बरा जुना ट्रॅक्टर आणि त्याची अवजारे येत. लिलावात गेलेले शंभर एकर परत येत नव्हते. शिवाय जमीन गमावलेल्या माणसाच्या शेजारी आता दुसऱ्याच मालकाचे कुंपण होते, आणि त्या मालकाने ती बाजारातून रीतसर विकत घेतली होती. भरपाई आणि न्याय यांतले हे अंतर मी अनेक घरांत पाहिले आहे. धनादेश आला, औषधपाण्याला गेला, नातवाच्या शिक्षणाला गेला. शेती काही परत सुरू झाली नाही.

जमीन जाण्याचा दुसरा मार्ग कर्जापेक्षाही शांत आहे आणि माझ्या कामाचा बराच काळ त्यात गेला. दक्षिणेत त्याला ‘वारसांची मालमत्ता’ म्हणतात. एक हिशेब मांडतो. समजा आजोबांनी 1911 मध्ये 80 एकर विकत घेतले आणि 1938 मध्ये ते मृत्युपत्र न करता वारले. मृत्युपत्र का केले नाही, तर त्यांच्यासाठी काम करणारा वकील काउंटीत नव्हता, आणि न्यायालयाच्या इमारतीत पाऊल टाकावे असे त्यांच्या अनुभवाला काही आलेले नव्हते. मुले आठ, प्रत्येकाचा सामाईक हिस्सा एकअष्टमांश. एका मुलाला सहा अपत्ये. प्रत्येकाचा हिस्सा 48 पैकी 1. त्यांतील एक शिकागोत वारला, त्याची चार मुले. प्रत्येकाचा हिस्सा 192 पैकी 1, म्हणजे जमिनीच्या मापात अर्ध्या एकराहूनही कमी. यांतला एक पणतू कधी जॉर्जियात आलेला नाही. त्याला एक गृहस्थ फोन करून त्या हिश्श्याचे दोन हजार डॉलर देऊ करतात आणि तो आनंदाने सही करतो. आता ते गृहस्थ सहहिस्सेदार झाले, आणि सहहिस्सेदाराला वाटपाचा दावा लावता येतो. 80 एकरांची सरसनिरस वाटणी शंभर वारसांत करणे अव्यवहार्य आहे असे न्यायालय म्हणते, सगळी जमीन विकून पैसे वाटण्याचा आदेश निघतो, आणि न्यायालयाच्या पायऱ्यांवर रोख बोलीचा लिलाव होतो. रोख रक्कम घेऊन उभा असलेला माणूस तिथे बहुधा एकच असतो. तिथे राहणारी, कर भरणारी, घर बांधलेली आत्या त्या दिवशी आपल्याच अंगणात बेकायदा ठरते. समुद्राकाठच्या बेटांवर, हिल्टन हेडसारख्या ठिकाणी, गल्ला-गीची या, गुलामांच्या वंशजांच्या किनारी समाजाच्या जमिनींवर गोल्फची मैदाने उभी राहिली, त्यात या मार्गाचा मोठा हात आहे.

या पद्धतीत फसवणूक करावी लागत नाही, ही तिची खरी ताकद आहे. आणि जमीन गेली नाही तरी ती अर्धी मेलेलीच असते: नाव निर्वेध नाही म्हणून तारण ठेवता येत नाही, म्हणून कर्ज नाही, शेतीची नोंदणी नाही, म्हणून वादळानंतरची मदत नाही. 2010 मध्ये वारसांच्या मालमत्तेच्या वाटपाचा एक नमुना-कायदा तयार झाला आणि एकेका राज्याने तो स्वीकारला. साउथ कॅरोलायनाने 2016 मध्ये त्याला राज्याचे सिनेटर क्लेमेंटा पिंकनी यांचे नाव दिले, ज्यांची आदल्या वर्षी चार्ल्सटनच्या चर्चमध्ये हत्या झाली होती. या कायद्याने न्यायालयाला आधी जमिनीची किंमत ठरवून घ्यावी लागते, विक्री मागणाऱ्याचा हिस्सा विकत घेण्याची संधी इतर वारसांना द्यावी लागते आणि विकायचीच वेळ आली तर ती खुल्या बाजारात करावी लागते. संधीचा विचार करायला 45 दिवस मिळतात. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतील ही सर्वांत उपयोगी सुधारणा आहे, आणि तिच्यासाठी कोणी मोर्चा काढलेला मला आठवत नाही. 2018 च्या शेतीविधेयकाने नोंदणीसाठी मालकीखताऐवजी इतर कागद ग्राह्य धरण्याची सोय केली, तीही याच जातीची.

आता अन्नाकडे. ‘अन्नसार्वभौमत्व’ हा शब्द 1996 मध्ये व्हिया कँपेसिना या शेतकऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने रोमच्या जागतिक अन्न परिषदेच्या वेळी पुढे आणला आणि 2007 मध्ये मालीतील सेलिंगे येथील न्येलेनी मेळाव्यात त्याची मांडणी पक्की झाली. अन्नसुरक्षा विचारते की पुरेसे अन्न पोहोचते आहे का. सार्वभौमत्व विचारते की ते पिकवणे, वाटणे आणि त्याचे नियम ठरवणे कोणाच्या हातात आहे. हा फरक पुस्तकी वाटत असेल तर मिसिसिपीतील 1962 ची गोष्ट पाहा. लफ्लोर काउंटीत, ग्रीनवुडच्या परिसरात, कृष्णवर्णीयांनी मतदारयादीत नावे नोंदवायला सुरुवात केली, तेव्हा काउंटीच्या पर्यवेक्षकांनी केंद्राकडून येणाऱ्या अतिरिक्त धान्याचे वाटप बंद केले. सुमारे 22,000 लोक त्या धान्यावर हिवाळा काढत असत. मदत केंद्राकडून येत होती आणि वाटपाची यंत्रणाही होती. फक्त किल्ली मत नाकारणाऱ्यांच्या खिशात होती.

नागरी हक्क चळवळीतील कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांनी हे शेजारच्या सनफ्लॉवर काउंटीत स्वतः भोगले होते. 1962 मध्ये त्या मतदार म्हणून नोंदणी करायला गेल्या आणि ज्या मळ्यावर त्या अठरा वर्षे राबल्या होत्या तिथून त्यांना त्याच दिवशी बाहेर काढण्यात आले. 1969 मध्ये त्यांनी फ्रीडम फार्म सहकारी संस्था काढली: आधी 40 एकर, नंतर आणखी 640. भाजीपाला घरोघरी, कापूस आणि सोयाबीन हप्ते फेडण्यासाठी, आणि एक ‘डुक्कर बँक’. कुटुंबाला एक मादी मिळे, ती व्यायली की काही पिल्ले बँकेत परत करायची आणि बाकीची आपली. मला त्यांच्या कल्पनेतील सर्वांत शहाणा भाग हाच वाटतो, कारण त्यात व्याज पिल्लांत मोजले जाते आणि परतफेडीचा दिवस विण्यावरून ठरतो. पण त्याच वेळी हेही सांगायला हवे की जमिनीचे हप्ते पिल्लांत फेडता येत नव्हते. पूर, दुष्काळ, देणग्या आटणे आणि हेमर यांचे आजारपण यांत सत्तरच्या दशकाच्या मध्याला ती जमीन हातची गेली.

जॉर्जियातील न्यू कम्युनिटीज ही याच 1969 सालची दुसरी कथा, आणि तुमच्या दोन्ही प्रश्नांची गाठ तिथे पडते. नागरी हक्क चळवळीतील चार्ल्स आणि शर्ली शेरॉड हे दांपत्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ली काउंटीत सुमारे 5,700 एकर जमीन एका न्यासाच्या नावे घेतली: मालकी समाजाची, कसण्याचा आणि राहण्याचा हक्क कुटुंबांचा. सामुदायिक भूमिन्यासाचा अमेरिकेतील पहिला प्रयोग तो हाच. दुष्काळ पडला, तातडीचे सरकारी कर्ज वेळेत आले नाही, आणि 1985 मध्ये जमीन गेली. पिगफर्ड प्रकरणाच्या लवादात 2009 मध्ये त्यांना सुमारे 1.2 कोटी डॉलर मिळाले, आणि त्यांनी ते वाटून न घेता 2011 मध्ये ऑल्बनीजवळचा 1,600 एकरांचा एक जुना गुलामकालीन मळा विकत घेतला. भरपाईचे रूपांतर पुन्हा जमिनीत झाल्याचे माझ्या माहितीतील हे सर्वांत मोठे उदाहरण आहे, आणि ते शक्य झाले कारण पैसा घ्यायला चोवीस वर्षांनंतरही संस्था जिवंत होती. सुटा शेतकरी इतका काळ टिकत नाही. म्हणूनच 1967 मध्ये स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ सदर्न कोऑपरेटिव्हजसारख्या संघांचे काम मला खटल्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते.

मजुरांचा विषय मोठा आहे, इथे त्याला एकच परिच्छेद देतो. 1935 चा कामगार संघटनांचा कायदा आणि 1938 चा किमान वेतनाचा कायदा, या दोन्हींतून शेतमजूर वगळले गेले. तेव्हा दक्षिणेतील शेतमजुरांत कृष्णवर्णीयांचा मोठा वाटा होता. किमान वेतन 1966 च्या दुरुस्तीने काही अंशी आले. केंद्रीय कायद्यात जादा कामाचा दर त्यांना अजूनही नाही. आज त्या रांगांमध्ये मेक्सिको आणि ग्वाटेमालाचे लोक वाकलेले दिसतात. फ्लोरिडातील इमॉकली कामगार संघटनेने टोमॅटोच्या प्रत्येक पौंडामागे खरेदीदाराकडून एक सेंट जास्त मिळवला. मजुरांनी स्वतः नियम लिहिल्याचे ते ठोस उदाहरण आहे.

शहरांतही हा शब्द पोहोचला आहे. ताजी भाजी न मिळणाऱ्या वस्त्यांना ‘अन्नाचे वाळवंट’ म्हणण्याची पद्धत होती. ब्राँक्सच्या कॅरेन वॉशिंग्टन यांनी त्याऐवजी ‘अन्नातला वर्णभेद’ म्हणायला सुरुवात केली, कारण वाळवंट निसर्ग घडवतो आणि या वस्त्या, कुठे कर्ज द्यायचे नाही हे ठरवणाऱ्या बँकांच्या नकाशांनी घडवल्या. डेट्रॉइटमध्ये 2006 पासून चालणारे कृष्णवर्णीयांच्या अन्नसंघटनेचे जाळे, त्यांचे शहरातील शेत आणि 2024 मध्ये उघडलेले सभासदांच्या मालकीचे किराणा दुकान मला आदराने पाहावेसे वाटते. मात्र शाळेच्या गच्चीवर चार कुंड्या ठेवून त्याला अन्नसार्वभौमत्व म्हणणारे प्रकल्पही मी पाहिले आहेत. अनुदान संपले की कुंड्या कोरड्या पडतात, कारण ती गच्ची कोणाची हे कोणी विचारलेले नसते.

तुम्ही ‘आता परिस्थिती बदलली ना’ असेही विचारले आहे. मार्च 2021 च्या कायद्याने वांशिक अल्पसंख्याक शेतकऱ्यांची सरकारी कर्जे 120 टक्क्यांपर्यंत फेडून देण्याची तरतूद केली. गोऱ्या शेतकऱ्यांनी हा भेदभाव आहे म्हणून न्यायालयांत धाव घेतली, जूनमध्ये स्थगिती आली, आणि 2022 मध्ये ती तरतूदच रद्द होऊन तिच्या जागी भेदभाव सोसलेल्या कोणालाही अर्ज करता येईल अशी 2.2 अब्ज डॉलरची योजना आली. तिचे पैसे जुलै 2024 मध्ये 43,000 हून अधिक लोकांना मिळाले. मधल्या काळात काय झाले ते मी पाहिले: कर्जमाफीचे पत्र हातात असल्यामुळे काहींनी नवी अवजारे घेतली होती, आणि पत्र निरर्थक झाल्यावर त्यांच्यावर जुने आणि नवे अशी दोन्ही कर्जे राहिली. 2025 मध्ये कृषी खात्याने योजनांमधील ‘सामाजिकदृष्ट्या वंचित शेतकरी’ हा निकष वापरणे बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे वंशाच्या नावाने काही देणे पुढे अवघडच राहील; वारसांच्या जमिनीचे कायदे, समित्यांची रचना आणि कर्जाची मुदत या गोष्टी मात्र वंशाचा उल्लेखही न करता दुरुस्त करता येतात.

प्रबंधासाठी विषय हवा असेल तर मंजूर रकमांची सरासरी काढू नका, ती पुष्कळांनी काढून झाली आहे. अर्जाची तारीख, मंजुरीची तारीख आणि त्या काउंटीतील पेरणीचा शेवटचा योग्य दिवस, हे तीन रकाने मांडा. दुसरे म्हणजे काउंटी न्यायालयात जाऊन वाटपाच्या दाव्यांच्या नोंदवह्या वाचा. त्या सार्वजनिक आहेत. दावा लावणाऱ्याने हिस्सा कधी विकत घेतला आणि दावा किती आठवड्यांनी लावला, एवढे प्रत्येक प्रकरणात टिपून घ्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळी नऊला बसलो आणि दुपारपर्यंत तीच तीन आडनावे वादी म्हणून पुन्हा पुन्हा लिहीत होतो.